लॉक उघडला की टच का जातो? पर्यायी ओएस टाकलेल्या फोनसाठी समस्या निवारण

जुन्या फोनवर कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी लिनेजओएस, उबुंटू टच किंवा पोस्टमार्केटओएस अशी पर्यायी ऑपरेटिंग सिस्टम (ओएस) टाकणाऱ्यांकडून एक तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "टच गेला आहे, रीस्टार्ट केला की येतो, लॉक करून उघडला की पुन्हा जातो." यावर बहुतेक जण फोन पुन्हा फ्लॅश करतात, म्हणजे ओएस नव्याने भरतात. फ्लॅश करताना फोन रीस्टार्टही होतो, त्यामुळे टच काही काळ चालतो, उपाय लागू पडल्यासारखे वाटते आणि संध्याकाळपर्यंत तीच तक्रार परत येते. या फेऱ्यात डेटा पुसला जातो, वेळ जातो आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहते. म्हणून टच नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो आहे हे कळेपर्यंत फोन फ्लॅश करू नये, असा माझा आग्रह आहे. तो टप्पा शोधण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या घरबसल्या करता येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

बोट काचेला लागल्यापासून पडद्यावर काही घडेपर्यंत चार टप्पे असतात. काचेखालच्या जाळीतल्या धारकतेत झालेला अगदी सूक्ष्म बदल टच कंट्रोलर नावाची चिप मोजते. ती प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, पाठवते आणि अनेक फोनमध्ये आय-टू-सी नावाच्या दोन तारांच्या जोडणीवरून स्पर्शाचे स्थान कळवते. कर्नेलमधला, म्हणजे ओएसच्या गाभ्यातला, ड्रायव्हर त्या आकड्यांचे इव्हेंट (स्पर्शाच्या नोंदी) बनवतो, हे इव्हेंट लिबइनपुट (लिनक्सची इनपुट लायब्ररी) किंवा अँड्रॉइडची स्वतःची इनपुट यंत्रणा वाचते, आणि शेवटी फॉश, प्लाझ्मा मोबाइल, लोमिरी किंवा लिनेजओएसचा इंटरफेस त्यांचा अर्थ लावतो. ओएस बदलल्यावर पहिला टप्पा तसाच राहतो, पुढचे तीन मात्र कमीअधिक प्रमाणात बदलतात. त्यामुळे "कालपर्यंत कंपनीच्या अँड्रॉइडवर टच चालत होता" या वाक्यावरून काच आणि कंट्रोलर बरेचसे ठीक असावेत, एवढाच निष्कर्ष काढता येतो.

टच बंद पडलेला असताना सर्वप्रथम लॉक स्क्रीनवरचे घड्याळ पाहावे. मिनिट बदलते आहे, पॉवर बटणाने पडदा चालू-बंद होतो आहे आणि आवाजाच्या बटणांना प्रतिसाद मिळतो आहे, तर यंत्रणा जिवंत आहे आणि अडचण केवळ टचची आहे. घड्याळच थांबलेले असेल, तर अख्खी यंत्रणा किंवा निदान इंटरफेस गोठलेला आहे आणि पुढचे विवेचन त्या फोनला लागू नाही. त्यानंतर ओटीजी केबलने यूएसबी माउस जोडून पाहावा. पडद्यावर बाण दिसला आणि त्याने लॉक उघडता आले, तर इंटरफेस निर्दोष असून बिघाड पहिल्या दोन-तीन टप्प्यांत आहे. माउस चालला नाही म्हणून मात्र घाबरून जाऊ नये, कारण मेनलाइन कर्नेलवर (उत्पादकाने बदललेल्या नव्हे, तर लिनक्सच्या मूळ सामायिक कर्नेलवर) चालणाऱ्या काही फोनमध्ये यूएसबी पोर्ट माउसला वीज पुरवू शकत नाही. अशा वेळी पोस्टमार्केटओएसवर संगणकाला केबल जोडून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरावे आणि पुढच्या चाचण्या तिथून कराव्यात. हा मार्ग फोन बिघडण्याआधीच एकदा चालवून पाहिलेला असावा, कारण टच गेल्यावर एसएसएच सुरू करायला टचच लागतो.

टच पूर्ण गेलेला नसून पडद्यावरची एखादी पट्टीच मृत असेल, तर लिनेजओएसमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि पॉइंटर लोकेशन चालू करावे. बोटाने वरपासून खालपर्यंत रांगोळीच्या रेघांसारख्या जवळजवळ समांतर रेघा ओढाव्यात. प्रत्येक रेघ त्याच जागी तुटत असेल तर ती जागा नोंदवावी. मग फोन आडवा धरून पडदा फिरू द्यावा आणि पुन्हा रेघा ओढाव्यात. मृत पट्टी काचेवर पूर्वीच्याच ठिकाणी राहिली, तर काचेखालची जाळी किंवा तिला जोडणारी केबल खराब आहे आणि कोणतीही ओएस ती दुरुस्त करू शकणार नाही. पट्टी चित्राबरोबर फिरली, तर दोष काचेत नसून ओएसच्या टप्प्यांत आहे. या एका चाचणीने मी लोकांचे नवे डिस्प्ले घेण्याचे पैसे अनेकदा वाचवले आहेत, आणि काही वेळा उलट, आठवडाभर फ्लॅश करत बसलेल्यांना सरळ दुरुस्तीच्या दुकानात पाठवले आहे.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर आतापर्यंत हाताळलेल्या प्रकरणांपैकी सर्वांत बोधक प्रकरण सविस्तर सांगतो. माझ्या भाच्याकडे वनप्लस ६ होता. फोन हातातून पडून काच फुटली, त्याने गल्लीतल्या एका दुकानातून फोल्डर बदलून घेतला आणि काही महिन्यांनी त्यावर पोस्टमार्केटओएस टाकले. (डिस्प्ले आणि टच एकत्र चिकटवून येणाऱ्या भागाला आपल्याकडचे दुकानदार फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात.) चित्र उत्तम दिसत होते, रंगही ठीक होते, पण टच अजिबात चालत नव्हता. लिनेजओएस परत टाकले की टच चालायचा. त्यामुळे "पोस्टमार्केटओएसच खराब आहे" असे त्याचे ठाम मत झाले होते, आणि वरवर पाहता कोणाचेही झाले असते.

खरे कारण फोल्डरमध्ये होते. या फोनच्या मूळ टच कंट्रोलरशी बोलण्यासाठी सिनॅप्टिक्सची आरएमआय४ नावाची ठरलेली भाषा आहे. मेनलाइन लिनक्समधला ड्रायव्हर सुरुवातीलाच कंट्रोलरकडे त्याच्या क्षमतांचा तक्ता मागतो आणि तो तक्ता नियमाप्रमाणे मिळाला तरच पुढे जातो. बाजारात मिळणाऱ्या काही पर्यायी फोल्डरमधले कंट्रोलर स्पर्शाचे आकडे बरोबर देतात, परंतु हा तक्ता अर्धवट किंवा चुकीचा देतात. उत्पादकाच्या अँड्रॉइड कर्नेलमधला ड्रायव्हर इतकी चौकशी करत नाही, म्हणून तिथे सारे सुरळीत दिसते. मेनलाइन ड्रायव्हर चौकशी करतो आणि तिथेच थांबतो. वनप्लस ६ हा २०१८ सालचा खूप खपलेला फोन असल्यामुळे हा अनुभव जगभरातल्या अनेकांना आला आणि २०२३ साली विकासकांनी अशा फोल्डरना सामावून घेणारे पॅचेस (कोडमधल्या दुरुस्त्या) मेनलाइन कर्नेलच्या चर्चेत मांडले. भाच्याच्या फोनवर ते पॅचेस असलेला कर्नेल टाकला आणि टच चालू झाला. चार वेळा केलेले फ्लॅशिंग सर्वस्वी वाया गेले होते, कारण प्रत्येक वेळी तोच ड्रायव्हर त्याच कंट्रोलरला तोच प्रश्न विचारत होता.

याच जातीची दुसरी अडचण ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेल्या पोको एफ१ वर दिसते. हा फोन आपल्याकडे भरपूर खपला आणि स्नॅपड्रॅगन ८४५ चिपमुळे पर्यायी ओएस टाकणाऱ्यांचा तो आजही आवडता आहे. त्याचे पॅनेल कारखान्यातूनच दोन पुरवठादारांचे येत असे. काही फोनमध्ये टियानमाचे पॅनेल आणि नोव्हाटेकचा एनटी३६६७२ए कंट्रोलर आहे, तर काहींमध्ये ईबीबीजीचे पॅनेल आणि फोकलटेकचा एफटी८७१९ आहे. बाहेरून पाहून दोघांत काडीचाही फरक कळत नाही. एकाच मॉडेलसाठी दोन पुरवठादार ठेवणे ही मोबाइल उद्योगातली नेहमीची पद्धत आहे आणि अँड्रॉइड वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण बूटलोडर (ओएस सुरू करणारा प्रोग्राम) पॅनेल ओळखून त्याचे नाव कर्नेलला कळवतो आणि कर्नेलमध्ये दोन्ही ड्रायव्हर तयार असतात. लिनेजओएस त्याच परंपरेतल्या कर्नेलवर चालते आणि उबुंटू टचसुद्धा हॅलियम या जुळवणीच्या थराच्या आधाराने अँड्रॉइडचाच कर्नेल वापरते, म्हणून तिथेही हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पोस्टमार्केटओएस मात्र मेनलाइन कर्नेल वापरते, ज्यात टियानमा आणि ईबीबीजी यांचे डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइली) वेगवेगळे आहेत. इमेज घेताना किंवा पीएमबूटस्ट्रॅप या इन्स्टॉल करण्याच्या साधनात कर्नेल निवडताना तो पर्याय आपल्यालाच द्यावा लागतो. चुकीचा पर्याय दिला तर पडदा काळा राहतो किंवा टच मिळत नाही.

कोणते पॅनेल आहे हे शोधण्यासाठी फोन उघडावा लागत नाही. रिकव्हरीमध्ये किंवा मूळ अँड्रॉइडवर रूट शेलमधून (सर्व अधिकार असलेल्या आज्ञा-खिडकीतून) कर्नेलची कमांड लाइन, म्हणजे सुरू होताना त्याला मिळालेल्या सूचनांची ओळ, वाचावी आणि तीत टियानमा किंवा ईबीबीजी यांपैकी कोणते नाव येते ते पाहावे. फोल्डर कधी काळी बदललेला असेल, तर खोक्यावरच्या माहितीवर, जुन्या नोंदींवर किंवा त्याच मॉडेलच्या मित्राच्या फोनवर अजिबात विसंबू नये. सेकंड हँड फोन घेताना "फोल्डर बदलला आहे का?" हा प्रश्न आवर्जून विचारावा, बॅटरीच्या प्रश्नाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आता कर्नेलचा लॉग. डीमेसेज ही आज्ञा चालवून त्यात टच ड्रायव्हरचे नाव शोधावे. ड्रायव्हरच्या ओळीत उणे सहा असा आकडा दिसला, तर आय-टू-सीच्या त्या पत्त्यावर कोणीच उत्तर दिलेले नाही, म्हणजे तिथे अपेक्षित कंट्रोलर नाही किंवा त्याला वीज मिळालेली नाही. उणे एकशे दहा दिसले, तर ड्रायव्हर वाट पाहून थकला आहे. याचे कारण बहुधा विजेच्या किंवा रीसेटच्या वेळापत्रकात सापडते. ड्रायव्हर फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल मागत असेल आणि ती मिळाली नसेल, तर ती फाइल असलेले पॅकेज घालणे एवढाच उपाय आहे. काही कंट्रोलर स्वतःजवळ फर्मवेअर साठवत नाहीत आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भरून घेतात. ड्रायव्हरचे नावच कुठे नसेल, तर त्या कर्नेलमध्ये तो ड्रायव्हर किंवा डिव्हाइस ट्रीतली त्याची नोंद नाही.

लॉग स्वच्छ असूनही टच नसेल, तर इंटरप्टची मोजणी पाहावी, आणि ही चाचणी मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली आहे. प्रोक फाइल सिस्टममधली इंटरप्ट्स ही फाइल उघडावी, टच कंट्रोलरच्या नावापुढचा आकडा लिहून घ्यावा, काचेवर आठ-दहा वेळा बोट ठेवावे आणि फाइल पुन्हा वाचावी. आकडा वाढला, तर कंट्रोलर जागा आहे आणि हाक मारतो आहे. मग इव्हटेस्ट किंवा लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही साधने चालवून इव्हेंट कुठे हरवतात ते शोधावे. आकडा ढिम्म हलला नाही, तर कंट्रोलर झोपलेला आहे किंवा बंद पडलेला आहे, आणि वरच्या थरांत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीत, म्हणजे लॉक उघडल्यावर टच जातो तेव्हा, हा आकडा बहुधा हलत नाही. पडदा बंद झाला की वीज वाचवण्यासाठी पॅनेलचा पुरवठा तोडला जातो. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेचे नियंत्रण आणि टचचे नियंत्रण एकाच चिपमध्ये असते. वर उल्लेखलेले एनटी३६६७२ए आणि एफटी८७१९ हे दोन्ही त्याच प्रकारचे आहेत. पडदा जागा होताना आधी डिस्प्लेला वीज आणि रीसेट मिळून मग टचने उठणे आवश्यक असते. टचचा ड्रायव्हर घाईने आधी उठला, तर त्याने पाठवलेल्या सूचना अजून न जागलेल्या चिपकडे जातात आणि वाया जातात. त्यानंतर मिळालेल्या रीसेटने चिप जागी होते, पण तिला काय करायचे हे सांगणारे कोणी उरत नाही. रीस्टार्टमध्ये हा क्रम जुळून येतो, म्हणून रीस्टार्टने टच परत येतो. मेनलाइन कर्नेलमध्ये २०२३ साली यासाठी पॅनेलच्या मागोमाग चालण्याची सोय झाली आहे. टचच्या ड्रायव्हरने ती वापरली आणि डिव्हाइस ट्रीत पॅनेलशी नाते नोंदवले, तर क्रम चुकत नाही. म्हणून अशा तक्रारीवरचा पहिला खरा उपाय नव्या कर्नेलवर जाणे हा आहे.

नुसता पडदा बंद होणे आणि फोन गाढ झोपेत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली कोणती कारणीभूत आहे हे ठरवणे सोपे आहे. पॉवर बटण दाबून पडदा बंद करावा आणि दोन सेकंदांत पुन्हा चालू करावा. असे दहा वेळा करावे. मग फोन चार्जरला न लावता पंधरा मिनिटे बाजूला ठेवून द्यावा आणि नंतर उघडावा. पहिल्या चाचणीतच टच गेला, तर दोष पडद्याच्या विजेच्या क्रमात आहे. फक्त दुसऱ्या चाचणीत गेला, तर दोष गाढ झोपेतून परतण्यात आहे आणि नव्या कर्नेलची वाट पाहताना सेटिंग्जमधून आपोआप झोपणे बंद ठेवता येते. बॅटरी लवकर संपेल, परंतु फोन वापरता येईल.

दरम्यानच्या काळासाठी आणखी एक उपाय आहे. सिसएफएस फाइल सिस्टममध्ये आय-टू-सी ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत अनबाइंड आणि बाइंड अशा दोन फाइली असतात. एसएसएचमधून कंट्रोलरचा पत्ता आधी अनबाइंडमध्ये आणि मग बाइंडमध्ये लिहिला की ड्रायव्हर कंट्रोलरला सोडतो आणि नव्याने धरतो. सुरुवातीची सगळी तयारी पुन्हा होते आणि रीस्टार्ट न करता टच परत येतो. हे दोन्ही टप्पे झोपेतून उठताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले, तर वापरणाऱ्याला अडचण जाणवतही नाही. मात्र बाइंड केल्यावरही टच आला नाही आणि लॉगमध्ये पुन्हा उणे सहा दिसले, तर कंट्रोलरपर्यंत वीजच पोहोचत नाही असे समजावे.

लिनेजओएसवर हीच तक्रार असेल, तर आधी टॅप टू वेक बंद करून पाहावे. या सुविधेसाठी पडदा बंद असताना कंट्रोलर अर्धवट जागा राहतो आणि केवळ दुहेरी टॅपची वाट पाहतो. काही फोल्डरमधले कंट्रोलर त्या अवस्थेतून बाहेरच येत नाहीत. भाच्याच्या वर्गमित्राच्या फोनवर केवळ हे एक बटण बंद केल्याने चार महिन्यांची तक्रार संपली.

चार्जिंगच्या वेळी आपोआप टच होणे ही वेगळी अडचण आहे आणि ती लॉकच्या अडचणीत मिसळू नये. कंट्रोलर मोजतो तो बदल इतका लहान असतो की निकृष्ट चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट त्याला स्पर्शासारखा भासतो. काही उत्पादकांचे ड्रायव्हर केबल जोडली गेल्याचे कंट्रोलरला कळवतात, जेणेकरून तो गोंगाट टाळणारी पद्धत वापरेल; पर्यायी ओएसच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नसेल, तर मूळ अँड्रॉइडवर निमूट चालणारा तोच चार्जर इथे त्रास देतो. केबल काढताच त्रास थांबला, तर चार्जर बदलून पाहावा. कोकणात पावसाळ्यात दमट हवा आणि ओली बोटे यांमुळेही असे होते. काच कोरड्या सुती कापडाने पुसून पुन्हा पाहावे. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. पडदा कडेने किंचित उचललेला दिसत असेल किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, तर बॅटरी फुगून आतून पॅनेलवर दाब देत आहे. असा फोन चार्ज न करता बंद करावा आणि बॅटरी बदलून घ्यावी.

इंटरफेसच्या टप्प्यावरच्या तक्रारी संख्येने कमी असतात. बोट एकीकडे आणि प्रतिसाद दुसरीकडे, किंवा डावे-उजवे उलटे, असे असेल तर डिव्हाइस ट्रीतली अक्षांची नोंद किंवा लिबइनपुटचे कॅलिब्रेशन मॅट्रिक्स (स्पर्शाचे स्थान पडद्याशी जुळवणारे आकडे) दुरुस्त करावे लागते. उबुंटू टचमध्ये नव्याने आलेल्यांना "कडेचा टच चालत नाही" असे वाटते, कारण तिथे डाव्या कडेवरून लाँचर, उजव्या कडेवरून चालू ॲप्सची यादी आणि वरून इंडिकेटर ओढून आणावे लागतात, आणि जाड कव्हरची उंच कड बोटाला काचेच्या टोकापर्यंत पोहोचूच देत नाही. कव्हर काढून पाहिल्यावर हा प्रश्न जागेवर सुटतो.

खात्री करण्यासाठी कंपनीच्या मूळ ओएसवर परत जायचे असेल, तर फ्लॅशिंग साधनातला शेवटचा पर्याय नीट वाचावा. काही साधनांत सर्व पुसून बूटलोडर लॉक करण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो. बूटलोडर लॉक झाला की तो पुन्हा अनलॉक करण्याचे सोपस्कार नव्याने करावे लागतात, आणि पर्यायी ओएस अजून फोनवर असतानाच तो लॉक केला तर बहुतेक फोन सुरूच होत नाहीत.

एवढे करूनही टच जात असेल, तर विकासकांकडे तक्रार नोंदवावी. "टच चालत नाही" या तीन शब्दांनी त्यांना काहीच कळत नाही. फोनचे मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, पॅनेलचे आणि कंट्रोलरचे नाव, फोल्डर बदलला आहे की नाही, दोन सेकंदांच्या आणि पंधरा मिनिटांच्या चाचणीचे निकाल, इंटरप्टचा आकडा हलतो की नाही, आणि टच जाण्याच्या आधीचा व नंतरचा कर्नेल लॉग, एवढे सगळे एकाच नोंदीत द्यावे. भाच्याने आता फोनच्या मागच्या कव्हरमध्ये एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर फोल्डर बदलल्याची तारीख, कंट्रोलरचे नाव आणि ज्या कर्नेलवर टच नीट चालतो त्याची आवृत्ती पेनाने लिहिलेली आहे, आणि पुढचा कर्नेल टाकण्याआधी तो ती काढून वाचतो.